गाणं सुरू झालं की आस्टा कुठे जाते?

सामसो बेट, १३ मार्च २०१७

चि. विबेकेस गुड्रुनताईचे आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप पोचले. बोट उशिरा सुटली. कप्तानानं वाऱ्याचं कारण सांगितलं, पण मला तरी वारा कुठे दिसला नाही. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

प्रेबेनमामाच्या सत्तरीची मेजवानी झकास झाली. हेरिंग मासळी ताजी होती. तुझ्या नवऱ्याचं, स्टीनचं, भाषण मात्र इतकं लांबलं की माझी कॉफी गार झाली. पण लिहायचं आहे ते वेगळंच. लेकीवर लक्ष ठेव. मंडळींनी रचून आणलेल्या गाण्यांचे कागद वाटायला लागले, की तुझी आस्टा उठते आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला जाते. गाणं संपलं की हात पुसत परत येते. नाताळातही मी हेच पाहिलं होतं. सगळ्या बायका किती गुणी पोर, किती गुणी पोर म्हणून तिला डोक्यावर घेत होत्या. चौदाव्या वर्षात आलेली मुलगी कुणी न सांगता भांडी घासते, हे तुला तरी पटतं का? मागच्या दाराशी सिगरेट ओढत असेल, नाहीतर श्नाप्सच्या बाटलीला तोंड लावत असेल, नाहीतर कुणा मुलाशी फोनवर गुलूगुलू चालत असेल. जवळ घेण्याच्या निमित्तानं मी तिच्या तोंडाचा वासही घेतला. नुसता केकचा आला. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

कळावे. राग आला तर येऊ दे, लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझी गुड्रुनताई

होर्सेन्स, २ एप्रिल २०१७

ती. गुड्रुनताईस विबेकेचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग ते स्टीनला वाचून दाखवलं आणि मग आम्ही दोघंही चिडलो. तू रस्त्याच्या कडेला बटाट्याच्या टोपल्या आणि पैशांचा डबा ठेवतेस, गिऱ्हाइकांनी आपणच पैसे टाकायचे, म्हणजे विश्वासाचा धंदा. आणि तू खिडकीच्या पडद्याआड बसून गिऱ्हाइकांचे हात बघतेस! तुला सख्ख्या भाचीचाही संशय यावा यात नवल ते काय. पोर मदत करते, तर तेही तुझ्या डोळ्यांत खुपतं.

तुला म्हणून सांगते, बाहेर बोलू नकोस. आस्टा अभ्यासात मागेच आहे. शाळेतल्या वाचनाच्या सल्लागार बाई डिस्लेक्सियाची चाचणी करू या म्हणून मागे लागल्या होत्या. मी नको म्हटलं. एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसत नाही. आणि चाचणी करून कळायचंय काय? सगळ्यांचीच डोकी तुझ्यासारखी तिखट नसतात. ती प्रेमळ आहे, कामसू आहे. उद्या एखाद्या वृद्धाश्रमात काम मिळालं तरी सुखात राहील. आम्ही तिच्याकडून याहून जास्त काही मागत नाही, म्हणून तिला कधी रागावतही नाही.

पुढच्या महिन्यात चर्चमध्ये तिचा कन्फर्मेशनचा, धर्मदीक्षेचा सोहळा आहे. ये, पण वास घेत फिरू नकोस.

कळावे. तुझ्या शंकांना एक दिवस सुट्टी दे आणि लोभ घेऊन ये.

तुझी विबेके

सामसो, १६ मे २०१७

चि. विबेकेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आस्टा पांढऱ्या पोशाखात फार गोड दिसत होती, हे आधी लिहिते. पुढचं वाचून तू पत्र फाडशील.

तुम्ही नवरा-बायकोनं तिच्यासाठी रचलेल्या गाण्याचे कागद वाटले गेले, सगळे उभे राहिले, आणि जिच्यासाठी गाणं ती खुर्चीतून गायब! मी मागोमाग गेले. सिगरेट नव्हती, बाटली नव्हती, मुलगाही नव्हता. पोरगी सिंकपाशी उभी राहून स्वच्छ धुतलेले ग्लास पुन्हा धूत होती. मी तिच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, तुझंच गाणं आहे, माझ्याबरोबर म्हण. तिनं कागदावर नजर लावली, ओळीखालून बोट फिरवलं आणि न अडखळता गोड आवाजात गायला लागली. कुठलं गाणं, सांगू? गेल्या वर्षी प्रेबेनमामाच्या नातवासाठी, माड्ससाठी, रचलेलं. त्याची मोपेड खड्ड्यात जाते ते. आपल्याकडे दर मेजवानीला चाल तीच आणि शब्द नवे. तिला जुने शब्द पाठ होते, नवे कळलेच नव्हते.

माझा चेहरा पाहून ती थांबली. कागदाची घडी घालून तिनं तो मला परत दिला आणि म्हणाली, आईला सांगू नकोस, ती आज फार खूश आहे.

म्हणून तुला सांगते. वाटेत बोटीवर मला रडू आलं, तेही लिहून टाकते. विबेके, ही मुलगी स्वयंपाकघरातून एकदा ऐकलेलं अख्खं गाणं वर्षभर डोक्यात ठेवते. शाळेतले धडेही ती अशीच पार पाडत असणार. चाचणी करून घे. नाही घेतलीस तर मी स्वतः त्या सल्लागार बाईंकडे जाईन, आणि मी जाते हे तुला माहीत आहे.

कळावे. भाचीवर होता तो संशय मी आता तिच्या आईबापांवर ठेवला आहे. लोभ आहे तसाच आहे.

गुड्रुनताई

होर्सेन्स, २४ जून २०१७

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण महिनाभर तुझा राग येत होता. चाचणी झाली. आस्टाला डिस्लेक्सिया आहे, आणि चांगलाच आहे. सल्लागार बाईंनी विचारलं की हे इतकी वर्षं घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

आता तिला एक कॉम्प्युटर मिळाला आहे. त्यातला आवाज तिला मजकूर वाचून दाखवतो आणि ती बोलते ते लिहूनही देतो. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीच्या सरकारी ग्रंथालयाची बोलकी पुस्तकंही सुरू झाली आहेत. कानात इअरफोन घालून दिवसभर ऐकते. बाईंनी अशा मुलांची एक वसतिशाळाही सुचवली, एका वर्षासाठी. जागा मिळणं कठीण, पण ऑगस्टसाठी एक रिकामी झाली. स्टीन कुरकुरतो आहे. आस्टा जाईन म्हणते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधीच देते. शाळा खरी आहे, मी पाहून आले. हेडमास्तर येईल त्याला मिठी मारतात, पण माणूस बरा वाटला.

कळावे. मनात रुसवा ठेवूनच लोभ पाठवते.

विबेके

सामसो, १ जुलै २०१७

चि. विबेकेस आशीर्वाद, वि. वि.

जो हेडमास्तर येईल त्याला मिठी मारतो, त्याला काहीतरी विकायचं असतं. यंत्राचंही मला खरं वाटत नाही. कागदावर एक असेल आणि ते वाचेल भलतंच, तर पोरीला कळणार कसं? पण जाऊ दे तिला. तुझ्या घरी राहून भांडी घासण्यापेक्षा बरं.

लोभ आहे. नजरही आहे.

गुड्रुनताई

होर्सेन्स, २० सप्टेंबर २०१७

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

त्या शाळेबद्दलची तुझी शंकाच खरी ठरणार बहुतेक. काल आस्टा फोनवर रडली. इथल्या मैत्रिणी तिच्या शाळेला मठ्ठांची शाळा म्हणतात. तिला परत यायचं आहे. स्टीन म्हणतो, लगेच घेऊन येऊ, झेपत नाही ते पोरीवर लादायचं कशाला. मलाही वाटतं की फार ताणू नये. एकदा जागा सोडली की पुन्हा मिळणार नाही, एवढंच मनाला लागतं. या शनिवारी आणायला निघणार होतो, पण गाडी गॅरेजात आहे. पुढच्या शनिवारी जाऊ.

कळावे. या वेळी सल्ला मागते आहे, लोभ धरून दे.

विबेके

सामसो, २५ सप्टेंबर २०१७

चि. विबेकेस आशीर्वाद, वि. वि.

गाडी गॅरेजातच राहू दे. मी जाऊन आले. न कळवता गेले, कळवलं की लोक फरशी पुसून ठेवतात.

सूप चाखलं, मुलींच्या खोल्या पाहिल्या, हेडमास्तरांची मिठी चुकवली. मग इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलांनी कानांनी धडा वाचला. मास्तरांनी विचारल्यावर आस्टानं जर्मनांबरोबरची जुनी लढाई अशी उभी केली की मी टाचण करायचं विसरले. मास्तरांनी तिची एक चूक काढली, तर ती त्यांच्याशी वाद घालायला लागली. आपली आस्टा!

नंतर बाहेर बाकावर तिनं विचारलं, न्यायला आलीस का? मी म्हटलं, तू म्हणशील तर नेते. मग म्हणाली, मावशी, तुला सगळ्यांचे सगळे संशय येतात, तर खरं सांग, मी मठ्ठ आहे असा संशय तुला कधी आला का? मी म्हटलं, सिगरेटचा आला, दारूचा आला, मुलाचा आला, मामाचा चांदीचा चमचा हरवला तेव्हा तोही तुझ्यावर आला. मठ्ठपणाचा एकदाही नाही. अख्ख्या घराला इतकी वर्षं बनवायला मठ्ठ माणसाला जमेल का?

ती हसली आणि मग फार रडली. म्हणाली, माड्सला मार्क कमी पडले की घरचे ओरडतात, मला कधीच कुणी ओरडलं नाही. नुसतं गुणी म्हणतात, कुत्र्याला म्हणतात तसं. मैत्रिणींचं बोलणं तिला एवढं लागत नाही, विबेके. त्या बोलतात तेच घरच्यांनाही वाटतं का, हे तिला जाणून घ्यायचं आहे. शनिवारी फोन करून ती तुला तोच प्रश्न विचारणार आहे. तू तिला आणायला निघालीस तर तिला न विचारताच उत्तर मिळेल. हे पत्र तुझ्या मनाची तयारी व्हावी म्हणून पाठवते आहे. खोटं काय बोलायचं याची तयारी करू नकोस, तिला ओळखता येतं.

कळावे. माझा लोभ दोघींवर सारखाच, या शनिवारी तिच्यावर थोडा जास्त.

गुड्रुनताई

होर्सेन्स, १ ऑक्टोबर २०१७

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तिनं विचारलं. मी हो म्हणाले. मग तिनं विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, तू दुसरीत होतीस तेव्हापासून. माझं चुकलं असंही म्हणाले. बाबांनाही तसंच वाटायचं का, हे तिनं स्टीनला फोनवर बोलावून विचारलं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्यानंही हो म्हटलं.

ती घरी येणार नाही. शेवटी तिनं एवढंच सांगितलं, की महिन्याच्या अखेरीस शाळेत आईबापांना बोलावलं आहे, मुलं आपलं काम दाखवणार आहेत, आणि तिला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. आम्ही दोघांनी यायचं, पुढच्या रांगेत बसायचं. आणि तिचं चुकलं, तर टाळ्या वाजवायच्या नाहीत.

कळावे. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

विबेके