बंगईसाठी दोन हुक

१२ मार्च, बुधवार

शालिकराम मिस्त्री आजही आला नाही! फोन केला त म्हणे, "निघालोच वहिनी." संक्रांतीपासून हा माणूस निघूनच राहिला. आता बंगईच्या हुकांसाठी मीच भोकं पाडते. सांगून टाकलं यायले.

हे — म्हणजे आमचे नागसेनसाहेब. ऑफिसात सगळ्यायच्या फायली हलवतात, घरात कप हलवत नाहीत. ताडकन म्हणाले, "स्लॅबले भोक? पौर्णिमा, डोकं ठिकाणावर हाये काय? घर नवं हाये!"

नवं आहे म्हणूनच त! लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्या. अंजनगाव सुर्जी, अमरावती, मग अकोला. प्रत्येक मालकाचं पहिलं बोलणं एकच — भिंतीले खिळा ठोकाचा नाही. आन् हे मान हलवून, "नाही साहेब, नाही ठोकत." बाबासाहेबांचा फोटो एवढी वर्षं फ्रिजवर टेकवून ठेवला. कॅलेंडर खिडकीच्या गजाले. बंगईवर झोके घेत चहा प्यायची मले भारी हौस, ती मनातल्या मनात झुलत राहिली.

श्रावणनं, माझ्या भावानं, गृहप्रवेशाले बंगईचीच फळी दिली. सागवानी! पितळेच्या कड्यांसकट. ती दिवाळीपासून भिंतीले टेकून उभी.

१६ मार्च, रविवार

बाळापूरले जाऊन आली. श्रावणचं तिथं फॅब्रिकेशनचं दुकान. त्यानं दुकानाच्या मागच्या भिंतीवर शिकवलं. "ताई, दाबू नको. सरळ धरून ठेव फक्त. मशीन तिचं काम करते." पहिल्या खेपेले दात वाजले, कोपरापर्यंत मुंग्या. मग जमलं. श्रावण वाकून पाहे. "आमच्या पोट्ट्यायपेक्षा सरळ हाये व ताई!"

मशीन घेऊनच आली. एसटीत मांडीवर ठेवली होती. बाजूच्या बाईनं विचारलं, मिक्सर घेतला काय? म्हटलं, ड्रिल मशीन! तिनं चांगलं वरपासून खालपर्यंत पाह्यलं मले. पाहू दे.

१७ मार्च

फजिती! न्हाणीत टॉवेलचा दांडा लावायचा होता. मशीन घरघर करे, धूर निघाला, पण भिंत ढिम्म. रडकुंडीले आली. मग दिसलं — मशीन उलटीच फिरून राहिली होती! बटण सरळ केलं, घाईत भलत्याच जागी भोक पाडलं.

आन् मी काय केलं? धावत जाऊन टूथपेस्ट आणली, भोकात भरली, बोटानं सारखी केली. मालकाले दिसलं त! सगळ्या खोल्या सोडताना आधीच्या भाडेकरूंची भोकंबी अशीच बुजवली आहेत आपण, आळ नको म्हणून.

मग आठवलं. अव, मालकीण त मीच!

तिथंच पाटावर बसून हसली. मग जरा रडली बी.

१८ मार्च

दांडा लागला. भोक, भोकात प्लॅस्टिकचा गट्टू, त्यात स्क्रू. शेवटी आवळताना मनगटालेच कळते की आता पक्कं बसलं. काय बरं वाटते ते!

यायनं आंघोळ केली आन् टॉवेल खांद्यावरच घेऊन आले. "दांड्यावर लोड येईल." टॉवेलचा लोड!

२३ मार्च, रविवार

बाबासाहेब भिंतीवर. फ्रिजवरून उतरले एकदाचे. दीक्षानं अमरावतीहून व्हिडिओ कॉलवर पाह्यलं. आमची लेक, नर्सिंगले आहे तिथं. "आई, तू लावला? एकटीनं?" मग अख्ख्या होस्टेलले फोन फिरवून दाखवला.

यायनं हात जोडले. खाली पडलेली भिंतीची भुकटी हातानंच भरून टाकली. चला, म्हटलं, गाडी रुळावर आली. बंगईचं नाव काढलं त परत तेच — स्लॅब गळंल, तडे जातील, चांगल्या घराचं वाटोळं होईल. जीव नकोसा केला माझा!

५ एप्रिल, शनिवार

लटकली! बंगई लटकली!!

श्रावण आला होता. नुसत्या स्लॅबले नाही, बीमले हुक बसवायचे, जागा त्यानं दाखवली. पण मशीन मीच धरली. पदर खोचून टेबलावर चढली. डोळ्याले चष्मा, तोंडाले रुमाल. एका ठिकाणी सळई लागली, बिट कडकड करून थांबलं. दोन बोटं सरकून परत. सिमेंट केसात, कानात, कुठं कुठं गेलं! पण फास्टनर असे आवळले की श्रावणनं पान्यानं तपासून नुसती मान डोलावली. हे टेबल घट्ट धरून उभे. "उतर व आता. पुरे."

आधी गव्हाची पोती ठेवली. सुतभर हाललं नाही. मग मी बसली. हे समोर दोन्ही हात वर करून उभे — जणू स्लॅब पडला त झेलणार! शेजारची रागिणी पाहाले आली. "काकू, आमच्या खिडकीले कूलरचं स्टँड लावून द्या न." देते म्हटलं! मशीन माझ्याचजवळ आहे अजून.

मले माझाच गर्व येऊन राहिला. येऊ दे. माझ्या घरात येऊन राहिला, भाड्यानं थोडीच!

८ एप्रिल

रोजचा चहा बंगईवर. हे खुर्चीत. म्हटलं, अजून भेव वाटते काय? "भेव नाही वाटत."

यायचे वडील पातूरकडे एका मालकाच्या शेतात सालदार होते. मालकाच्या गोठ्याजवळच्या खोलीत हे वाढले; तिथली भिंतबी मालकाचीच. त्या खोलीबद्दल मी कधी खोदून विचारलं नाही, यायनं कधी सांगितलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी हे मशीन घेऊन माझ्यापुढं उभे.

"एक भोक मी पाडू काय?"

"कुठं?"

"कुठंबी."

हात धरून शिकवलं. हॉलच्या भिंतीत, बरोबर मधात पाडलं. टांगायले काहीच नव्हतं. यायनं फुंकर मारली, भोकात करंगळी घालून पाह्यली, आन् कितीतरी वेळ काढलीच नाही.