वकीलसाहेबांचा माइक

३ नोव्हेंबर २०२५
संपलं माझं काम. विठ्ठलराव वकिलांकडे आता बोललेलं ऐकून टाइप करणारा कॉम्प्युटर आहे. साहेब बोलतात, पडद्यावर मराठी अक्षरं उमटतात! त्यांच्या नातीने, उर्वशीने लावून दिलं. एकतीस वर्षं त्यांचे दावे, नोटिसा मी टाइप केल्या. साहेबांनी वकिली सोडली, तरी त्यांच्या आठवणी टाइप करायला मलाच बोलवायचे. आज म्हणाले, "वच्छलाबाई, आता तुम्हाले तरास नाही."
त्रास? मला कधी झाला होता?

४ नोव्हेंबर
अकराला चपला घातल्या. मग काढल्या.

७ नोव्हेंबर
साहेबांचा फोन. "बाई, हा माइक मधीच बंद पडून राह्यला. येता काय?"
गेले. कारण लगेच कळलं. साहेब अर्धं वाक्य बोलतात, सुपारी कातरतात, खिडकीतून हायवेवरचे कापसाचे ट्रक बघतात आणि मग उरलेलं बोलतात. माइक तेवढा वेळ थांबत नाही. मी थांबायचे. पांढरकवड्याच्या त्या टिनाच्या ऑफिसात टाइपरायटरवर बोटं ठेवून बसायचे. ते खाकरले की वाक्य येतंय, हे कळायचं. खाली तीन कार्बन, चुकायची सोय नाही. पगार यथातथाच — पण फार सुखाचे दिवस होते ते.

८ नोव्हेंबर
आता माझं काम एवढंच. माइक बंद पडला की बटन दाबायचं आणि शेवटचं वाक्य साहेबांना वाचून दाखवायचं. तरी मांडीवर बोटं चालतातच. उर्वशी हसली. "आजी, तुम्ही कायले टाइप करून राह्यल्या?" हसू दे.
आज झरी गावच्या केसची गोष्ट निघाली. जंगलात जीप फसली होती आणि साहेबांनी तिथेच अर्ज सांगायला घेतला. बोनेटवर मशीन ठेवून मी उभ्याने टाइप केला. ते सांगताना म्हणाले, "वच्छलाबाई नसत्या, तर..." आणि थांबले. माइक बंद! उरलेलं काही बोललेच नाहीत. मेला माइक.

१० नोव्हेंबर
उर्वशी उद्या पहाटे नागपूरला, कॉलेजला चालली. जाता जाता सेटिंग बदललं. "आता आजोबा कितीही थांबले, तरी बंद नाही पडत. तुम्हाले रोज यायची गरज नाही, आजी."
पोरगी गुणाची आहे. मला तिचा भयंकर राग आला.

११ नोव्हेंबर
तरी गेले. साहेब बोलता बोलता थांबले. दोन मिनिटं झाली. पडद्यावर माइक सुरूच. मी हात पुढे केला आणि बंद केला.
मान वळवली, तर साहेब ट्रक बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते.
म्हणाले, "बंद पडला वाटते. वाचा बाई, कुठवर आलतो?"