सूचना मिळाली, सही

प्रिय मावशी,

चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून लिहिते आहे. पत्र मीच तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. आज समोर यायची हिंमत नाही.

तुझ्या घरामागच्या मोकळ्या जागेवर आमच्या कंपनीची वसाहत उभी राहते आहे. तिथे माझं काम एवढंच, शेजाऱ्यांना कळवायचं. खोदाई कधी, पाणी कधी बंद, कुठली भिंत कधी पाडणार, ते कागदावर लिहून दारोदार द्यायचं आणि वहीत ‘सूचना मिळाली’ म्हणून सही घ्यायची. तू गल्लीभर सांगत सुटलीस, भाची साहेब झाली म्हणून. साहेब कसली, चिठ्ठ्या वाटणारी. पण पहिले दोन महिने मी खरंच घरोघर फिरले. नंतर कामाची घाई सुरू झाली आणि तारखा माझ्या हातात आदल्या संध्याकाळी पडू लागल्या. इंजिनिअर म्हणाला, आधी सगळ्या सह्या पूर्ण करून टाक, कागद मागाहून वाट. मी केल्या. जेवणाच्या सुट्टीत चार रंगांची पेनं घेऊन बसले आणि सगळी गल्ली उरकली. तुझी सही सगळ्यात सोपी गेली. सातवीत तुझ्याकडे राहत असताना गणितात नापास झाले तेव्हा प्रगतिपुस्तकावर मीच ती ठोकली होती. शेवटच्या अक्षराला तू काढतेस ती शेपटी तेव्हापासून माझ्या हातात बसली आहे. तुला कळलं तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. या वेळी मला लाजही वाटली नाही, उलट हसू आलं. त्या हसण्याची आता शिसारी येते.

शिंपीणबाईंचं तुला माहीतच आहे. पाडकाम चालू असताना भिंतीचा वरचा भाग त्यांच्या मोरीवर कोसळला, हात दोन ठिकाणी मोडला. तू त्यांच्यासाठी डबा घेऊन गेलीस तेव्हा इकडे ऑफिसात माझी वही उघडली होती. इंजिनिअरने सहीवर बोट ठेवलं. तीन दिवस आधी कळवलेलं असताना बाई तिथे गेल्याच कशाला, असं तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. ती सही माझी होती, हिरव्या पेनाची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि मी भेटायला गेले तेव्हा शिंपीणबाई बिचाऱ्या मला सांगत होत्या की वय झालं, कागद कुठे ठेवला ते आठवतच नाही, चूक माझीच. त्यांचा तो प्लास्टरमधला हात मी धरून बसले होते. घरी येऊन साबणाने हात धुतले, तीनदा. किळस काही गेली नाही.

कुठल्या सह्या माझ्या, ते सगळं काल मी वरच्या ऑफिसला लिहून दिलं. त्यांनी चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलं आहे. काम मात्र थांबवलेलं नाही.

मावशी, गुरुवारी सकाळी आठला तुझ्या मागच्या खोलीला लागलेली भिंत पाडणार आहेत. तुला कळवल्याची सही वहीत आहे. आधी भोंगा वाजवतो, मग कसली काळजी, असं त्यांचं म्हणणं. रोज त्या वेळी तू कानातलं मशीन काढून, त्याच भिंतीला पाठ टेकून पेपर वाचतेस, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत होतं, आणि तरी मी ती शेपटी काढली. बुधवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन तुला न्यायला येते. बोलू नकोस हवं तर, पण गाडीत बस. सोबत सूचनेचा कागद जोडला आहे. खाली जागा मोकळी सोडली आहे, तिथे सही तू कर.

तुझीच,
पुन्हा नापास झालेली भाची