चिलीच्या तक्त्याची मागची बाजू

बाबा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि मी आज परातीत कोमट पाणी घेऊन चिली देश भिजवत बसले आहे. आईच्या कपाटामागे तो तक्ता सापडला. बहारीनच्या शाळेत, मी सातवीत असताना, प्रत्येकीला एकेक देश दिला होता. राजधानी, हवामान, निर्यात आणि शेवटी 'प्रोग्रेस', असं सगळं एका तक्त्यावर मांडायचं. माझ्या मैत्रिणीला फ्रान्स मिळाला आणि मला चिली, म्हणून मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मात्र खूश. मनामाच्या फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तुम्ही कारकून, आणि त्या हिवाळ्यात चिलीची द्राक्षं तुमच्याच हातून उतरत होती. "अगं, हा तर आपल्या ओळखीतला देश," तुम्ही म्हणालात. "इथे थंडी तेव्हा तिकडे उन्हाळा."

पुढचे आठ दिवस बुसैतीनच्या आपल्या दोन खोल्यांत जेवण झालं की तुम्ही लिहायला बसता. अंगातला कामावरचा स्वेटरसुद्धा काढत नाही. पेट्यांवरची लेबलं काढून आणलेली, गोदीत भेटलेल्या एका खलाशाला चार प्रश्न विचारून आलेले. ऑफिसच्या पिवळ्या कागदावर चार पानं भरतात, सुवाच्य मराठीत. लीव्हवर रत्नागिरीला गेलो असताना तुम्ही माझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली होती, तेवढ्यावर तुमची पक्की समजूत, की पोरीला वाचता येतं. मला बोललेलं कळायचं, उत्तर मी इंग्रजीत द्यायचे, आणि अक्षरं तर विमान उतरेपर्यंतच विसरले होते.

"वाचलंस का?"

"येस बाबा. व्हेरी नाइस."

तक्ता मी लायब्ररीतल्या जाड पुस्तकावरून केला. 'प्रोग्रेस'खाली तांबं आणि महामार्ग लिहिले. कागद गुंडाळला जात होता, म्हणून तुमची चार पानं खळ लावून मागे चिकटवली. पालथी.

प्रदर्शनाला तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा काढून आलात. तक्त्याचा एक कोपरा सुटला होता, तो दाबायला तुम्ही तक्ता उलटा केलात आणि तुमचेच पिवळे कागद तुम्हाला दिसले. आई कडाडली, "मेल्ये, बापाने लिहिलेलं चिकटवून टाकलंस?" तुम्ही अंगठ्याने कोपरा दाबत राहिलात. "असू दे गो," म्हणालात, "तिने आधी उतरवून घेतलं असेल." त्या दिवशी तुम्ही मला एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं. मला वर्गात ए मिळाला, तुम्ही येताना बिर्याणी आणलीत. दोन वर्षांनी तिथेच, कामावरच, तुम्ही गेलात.

मी मराठी वाचायला शिकले पस्तिशीनंतर, लेकीच्या पहिलीच्या पुस्तकावरून, तिच्याच शेजारी बसून. अजून ओळीखाली बोट लागतं. तीन पानं निघता निघता फाटली. राजधानी गेली, हवामान निम्मं गेलं. चौथं मात्र अख्खं सुटलं. त्यावर तुम्ही लिहिलंय:

"या देशाची प्रगती मी पेट्यांवरून सांगतो. तिकडची द्राक्षं इथे आली, सफरचंदं आली, पण तिकडचा एकही माणूस इथे कामाला आलेला मी पाहिला नाही. माल परदेशी जातो आणि माणूस आपल्या घरी जेवतो. याहून मोठी प्रगती मला ठाऊक नाही. बाळा, हे तुझ्या शब्दांत लिही."

ते पान पंख्याखाली वाळत घातलंय. बाबा, माझं काळीज तुटतंय, आणि ते इंग्रजीत सांगणं मला आज जमत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, त्याच पानासोबत ठेवून देईन. तुम्ही विचारलंत तेव्हा मी वाचलं म्हणाले होते. मला वाचताच येत नव्हतं.