उजवा कान

१८ जुलै, शनिवार

प्रिय बारक्या,

तू बरा असशीलच. आम्हीही ठीक. तुझा पत्ता वहिनीने कुठून मिळवला ते विचारू नकोस, मलाही सांगत नाही. तू गॅरेज सोडून गेलास त्याला आठ महिने झाले, म्हणून आधी साधी बातमी देतो. माझ्या उजव्या कानात बुरशी झाली होती. हसू नकोस. शिळ्या पावाला येते तशीच, पांढरी, वर काळे ठिपके.

वर्षभर कान खाजत होता, दडे बसत होते. मी आपला तार घालून खाजवायचो, आग झाली की कोमट तेल सोडायचो. त्याने भागेना तेव्हा औषधाच्या दुकानातून थेंब आणले आणि कुणाला न विचारता तीन महिने घातले. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून कपाळावर हात मारला. "तारेने आतली कातडी सोललीत, तेलाने ओल धरून ठेवलीत, आणि त्या थेंबांनी बुरशीला आवरणारे चांगले जंतू मारलेत. आणखी काय घालायचं राहिलं होतं?"

मी म्हटलं, "ग्रीस."

बाई हसल्या नाहीत. साखर तपासली, ती ठीक निघाली. मग नळीने कान साफ केला, बुरशीचं औषध दिलं. आता अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, आणि तार बंद. बाहेर आलो तर सायकलच्या घंटीने दचकलो.

आठ महिन्यांपूर्वी बेकरीवाल्याची व्हॅन आली त्या दिवशीही माझा कान बंदच होता. तू म्हणालास, "दादा, बेअरिंग वाजतंय, इंजिन खोलू या." मी नेहमीसारखा लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ उजव्या कानाला लावली, आणि बेकरीवाल्यासमोर ठणकावून सांगितलं, "काही नाही, न्या गाडी." तिसऱ्या दिवशी इंजिन जाम. मी चारचौघांत तुझ्यावर ढकललं, की ऑइलचा बोल्ट तूच ढिला सोडलास. पाने जागच्या जागी ठेवलेस आणि निघालास.

पत्र इथेच संपवणार होतो. कान खराब होता, चूक झाली, परत ये. वहिनीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढंच?" बायको कसली, पोलीस आहे!

तर एवढंच नाही. त्या दिवशी तू चहा सांगायला गेलास तेव्हा मी ती मूठ डाव्या कानाला लावून पाहिली होती. खडखड स्वच्छ ऐकू आली. पण गिऱ्हाईकासमोर बोलून बसलो होतो, आणि तू धाकटा. शब्द मागे घेववेना. लाज वाटते रे. कानाचं दुखणं खरं होतं, पण त्याच्या आड मी लपलो.

काल हे सगळं बेकरीवाल्याला सांगितलं, गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर. तो मला नाही नाही ते बोलला, आणि मी दोन्ही कानांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "धाकट्याला कळवलंत का?" म्हणून हे पत्र.

यायचं की नाही ते तू ठरव. तुझे पाने पुसून ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाही. आलास तर इंजिन तू ऐकायचंस, आणि तू म्हणशील ते शेवटचं.

ऐकू येऊनही गप्प बसलेला,
तुझा दादा