तोंड नसलेल्या सिंहाचा रुपया

कशेळी,
दिवाळीच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप कमळताईस,

धाकट्या केसरीनाथचा वाकून नमस्कार. (वाकलोच आहे तर तुझ्या गुडघ्यांचीही चौकशी करतो. वैद्याचं तेल चोळतेस, की नुसतं उशाशी ठेवतेस?) इकडे आम्ही सगळे मजेत. तुझं पूर्णा गाव हाकेच्या अंतरावर असताना पत्र कशाला लिहितोस, असं म्हणशील. एक तर मधे रस्त्यात कंटेनरचे ट्रक असे अडकलेत की माझ्याआधी पत्र पोचेल, आणि दुसरं म्हणजे फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. गुडघे दुखतात, यंदा भाऊबिजेला येत नाही, ओवाळणी मोबाइलवर पाठव, एवढं सांगितलंस आणि फोन ठेवलास. बरं, नको येऊस. माझा आग्रह नाही. हे पत्र फक्त आपल्या रुपयाची खबर द्यायला.

तोच, बाबांना रेतीच्या होडीवरच्या मजुरीत मिळालेला. मधल्या सिंहाला तोंड नाही, आकडाही अर्धाच. रघू वाण्याने तो आपल्याला परत दिला होता, "यो खोटा हाय, सिंवाला त्वांडच न्हाय!" म्हणून. सिंह खाडीवर पाणी प्यायला गेलाय, येईल परत, असं तू मला सांगितलंस आणि मी (काय बावळट होतो!) रोज सकाळी उठून आधी रुपया बघायचो. कुणी घेईना म्हणून भाऊबिजेला तोच तुझ्या ताटात टाकला. ओवाळून झाल्यावर तू तो माझ्या मुठीत कोंबलास, "ठेव पुढल्या सालाला." तेव्हापासून दर वर्षी तेच. तुझं लग्न झालं, साड्या आल्या, पाकिटं आली, पण पाकिटाखाली तो रुपया असायचाच. ते दिवस फार आठवतात गं. तेव्हा खाडीचा वारा थेट आपल्या ओटीवर यायचा. आता मधे गोडाऊनं आहेत.

तर आमच्या हितेशने मोबाइलवर एका व्हिडिओत पाहिलं की अशा चुकलेल्या नाण्यांना लाखांत भाव येतो. पठ्ठ्याने नव्या गाडीचा रंगसुद्धा ठरवला आणि मला मुंबईला नाण्यांच्या प्रदर्शनात घेऊन गेला. मळका रुपया चारचौघांत कसा न्यायचा, म्हणून निघण्याआधी मी देवाच्या भांड्यांबरोबर त्यालाही चिंच लावून घासला. लख्ख निघाला!

तिथल्या जाणकाराने भिंग लावून पाहिलं. ताई, रुपया खरा निघाला! टांकसाळीतल्या ठशात ग्रीस आणि कचरा साचून खाचा बुजल्या, की तेवढी नक्षी उमटतच नाही म्हणे. मला लगेच कळलं. तुझे गणपतीतले मोदक आठव. साच्यात आधीची उकड वाळून बसलेली, तू न धुता तसाच भरायचीस आणि सगळ्या मोदकांच्या एका बाजूला कळ्याच नाहीत. आई ओरडायची, मी खायचो. हे मी त्याला सविस्तर सांगितलं (मागे रांग लागली होती), पण त्याचं लक्ष चकाकीकडे. "इमली लगाया क्या?" मी अभिमानाने हो म्हटलं. घासलेल्या नाण्याला शौकीन माणसं हात लावत नाहीत, असं त्याने हितेशला समजावलं. पोराने घरी येईपर्यंत मोबाइलमधले गाडीचे फोटो एकेक करून पुसले. सूनबाई रूपा तेव्हापासून मला रोज चिंचेचं सार वाढते आहे.

असो. गुडघ्यांना जप.

तुझा धाकटा,
केसरीनाथ

ता. क. मोबाइलवरच्या त्या व्हिडिओतला माणूस शेवटी ओरडून सांगत होता, की नाणं अजिबात घासू नका. हितेशने तेवढा भाग न ऐकताच बंद केला, मी नंतर पूर्ण ऐकला. चिंच त्यानंतरच भिजत घातली. त्याला सांगू नकोस.

आणखी ता. क. रुपया मोबाइलवरून जात नाही, मी चौकशी केली. भाऊबिजेला सकाळी रिक्षा तुझ्या दाराशी उभी असेल. तू खुर्चीत बसूनच ओवाळ, मी खाली पाटावर बसतो. ये गं ताई. तो रुपया रघू वाण्याने घेतला नाही, शौकिनांनी घेतला नाही. घेणारी आता तू एकटीच आहेस.