एक बादली गाळ

५ एप्रिल, शनिवार

आले एकदाची! टेम्पोतून सामान उतरलं, आरसा तेवढा फुटला, बाकी सगळं धडधाकट. नवं गाव, नवी नोकरी आणि मागे अंगण असलेलं घर. नोकरी नवी म्हणजे काम तेच, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचं. लोकांचे दात माझ्या टेबलावर आणि माझे माझ्या तोंडात, पुढच्या दोघांमध्ये ऐसपैस फट ठेवून. दादा लहानपणापासून म्हणतो, या फटीतून पोस्टमन पत्र टाकून जाईल.

दादाही आलाय. वहिनी गेल्यापासून तो नुसता खुर्चीत बसून असतो. जेव म्हटलं की जेवतो, झोप म्हटलं की झोपतो. ज्याच्या बडबडीला शेजारीपाजारी वैतागायचे तो हा माझा भाऊ! त्याला माणसात आणायचं, बाकी सगळं मग. आज अंगणाकडे बघत तो आपणहून बोलला, की इथे माशांचं तळं छान दिसेल. मी तोंडातला चहा गिळायला विसरले.

१२ एप्रिल, शनिवार

जमिनीवर दोरी टाकून तळ्याचा आकार ठरवला. दादाला गोल हवा होता, मला घेवड्याच्या दाण्यासारखा. तासभर वाद घातला आणि घेवडा जिंकला. खड्डा मधोमध कमरेइतका खोल, कडेला झाडांच्या कुंड्या ठेवायला एक पायरी. पाणसळ लावली तर एक कड खाली! पाणी तिकडून वाहून जाणार म्हणून परत माती भरा, परत ठोका. माझे हात सोलवटले. दादा बनियनवर फावडं मारत होता आणि मला सूचना करत होता. ठमे, इकडे बघ, ठमे, तिकडे धर. इतक्या दिवसांनी त्याने मला ठमी म्हटलं. आत जाऊन मी थोडं रडून घेतलं.

मागच्या घरातले काका कुंपणापाशी येऊन उभे राहिले. एवढ्या उन्हात कोपरापर्यंत हातमोजे! मासे पाळणार का, एवढंच विचारलं आणि गेले. त्यांच्याकडेही तळं आहे, पण फळ्या टाकून झाकलेलं.

२० एप्रिल, रविवार

जुन्या सतरंज्या अंथरल्या, त्यावर जाड काळं प्लास्टिक, कडेने दगड. पाणी सोडलं. आम्ही दोघं काठावर पाय सोडून बसलो, काही कारण नसताना हसत.

माशांच्या दुकानदाराने मात्र हवाच काढली. म्हणे नव्या पाण्यात मासे टाकले की मरतात, पाणी जुनं व्हायला महिना-दीड महिना लागतो. मला धीर कुठला! दादा आज हसतोय, दीड महिन्याने कोणी बघितलंय? मग दुकानदार म्हणाला की एखाद्या जुन्या तळ्यातला बादलीभर गाळ टाकला तर पाणी लवकर तयार होतं.

लगेच काकांकडे गेले. गोड बोलून मागितला. ते सरळ नाही म्हणाले. वर आणखी म्हणाले की दुसरीकडून आणा, कुठूनही आणा, इथून नको. बादलीभर चिखलासाठी केवढा तो कद्रूपणा!

२२ एप्रिल, मंगळवार

आणला! काका दुपारी दवाखान्यात गेले, आम्ही कुंपणातून पलीकडे. दोघांची वयं बघता लाज वाटायला हवी होती, पण मजाच आली. दादाने फळी उचलली, मी खाली वाकले. एवढ्या मोठ्या तळ्यात एकच मासा, काळा, पायताणाएवढा. तो हलला नाही, नुसता बघत राहिला. घरी येऊन गाळ पाण्यात कालवला, उघड्या हातांनी, दोघांनीही. गाळ थंडगार होता. हात कितीही धुतले तरी खाज जात नाही.

२७ एप्रिल, रविवार

मासे आले! सगळे गोल्डफिश. त्यातल्या एका गलेलठ्ठ, गाल फुगवलेल्या मादीला दादाने आत्याबाई नाव दिलं. हुबेहूब! दादा पोटभर जेवला, वर भात मागून घेतला. वहिनीबद्दल बोलला आणि बोलताना हसलाही. मला आणखी काही नको.

१ मे, गुरुवार

एक मासा मेला. त्याचे डोळे जागेवर नाहीत. आत्याबाई बाकीच्यांना कोपऱ्यात दाबतात आणि शेपट्या ओरबाडतात. दादा तासन्‌तास काठावर बसून बघतो. मी ओरडले तर म्हणाला, गंमत आहे, तू पण बस. बसले. खरंच वेळ कसा गेला कळलं नाही.

लॅबमध्ये आज एक प्रकार झाला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझा चिमटा न विचारता घेतो. मी मेणाची तापलेली सुरी त्याच्या मनगटाला टेकवली. टेकवली म्हणजे दाबली. कातडीचा वास आला. चुकून झालं असं साहेबांना सांगितलं आणि त्यांना पटलंही. मला वाईट वाटायला हवं होतं.

४ मे, रविवार

आत्याबाई सोडून सगळे संपले. शेवटचा काठावर पडला होता, अर्धा. मांजराने खाल्ला म्हणून उचलला आणि चावा उजेडात धरला.

दातांच्या खुणा माझ्याइतक्या कोणाला कळणार? आयुष्य त्यात गेलं. वरचा डावा सुळा किंचित वळलेला. तो मीच तसा बसवलाय. दादाचा खरा सुळा वाकडा होता आणि वहिनीला ते वाकडं हसू आवडायचं, म्हणून त्याच्या कवळीतही मी तो मुद्दाम वळवला होता.

दादाला विचारलं. तो कवळी दाखवत हसला. दातांत खवले होते.

६ मे, मंगळवार

दादाला कुठे न्यावं, कोणाला सांगावं? लोक त्याला वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील. आत्ता कुठे बोलायला लागलाय. नाही, मीच सांभाळीन. कवळी माझ्याकडे ठेवते, जेवणापुरती देते. तो भांडला. खुर्ची फेकली, माझ्या कपाळाला खोक पडली. मग स्वतःच औषध लावलं आणि लहान मुलासारखा रडला.

७ मे, बुधवार

अंगणात पिवळा बोका. गळा फाडलेला. कवळी रात्रभर माझ्या उशीखाली होती.

जखम बघितली. वळलेला सुळा नाही. पुढच्या दोन दातांमध्ये फट. ऐसपैस.

आरशाचा तुकडा घेतला, तोंड उघडलं. फटीत केस अडकलेत. पिवळे.

८ मे, गुरुवार

काकांकडे गेले, पाय धरले, गाळाचं सांगितलं. उघड्या हातांनी कालवला का, दोघांनी का, एवढंच त्यांनी विचारलं. मग हातमोजा काढला. तीन बोटं नव्हती. त्यांच्या बायकोने चावून तोडली होती. तळं त्या दोघांनी मिळून बांधलं होतं आणि गाळ असाच कुठूनतरी आणला होता. आधी माशांत एक उरला, मग माणसांत. काका म्हणाले की एकच उरला की ते थांबतं. त्याआधी नाही. पाणी काढून उपयोग नाही, ते आता हातांत आहे. दोघांपैकी एकाने लांब जा, आजच जा.

मीच जाणार. दादा उरला पाहिजे.

९ मे, शुक्रवार

पिशवी भरली. बसस्टॉपवर गेले. बस आली. दार उघडलं, कंडक्टरने हाक मारली.

मी घरी आहे. पिशवी स्टॉपवरच असेल. पाय तळ्यात आहेत.

१० मे, शनिवार

काका आले होते. मी गेले नाही हे दिसलं असणार. दादाला समजवायला लागले. दादाने फावडं घातलं, सपाट बाजूने नाही, धारेने. खांद्यात रुतलं ते निघेना. मग त्यांचं डोकं पाण्यात. काका लाथा मारत होते. मी धावले, त्यांना सोडवायला त्यांचे पाय धर—

खोडते. सोडवायला नाही. दाबायला धरले. ते हलायचे थांबले तेव्हा मला वाईट वाटलं, लवकर थांबले म्हणून. आत्याबाई त्यांच्या कानाशी होत्या.

देवा. मी हे काय लिहिते आहे.

दादा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या गळ्याकडे. दोघांनाही कळलं. दादा ओरडला, ठमे, पळ. लॅबचं काम घरी आणून करते त्या खोलीत शिरले. कडी लावली.

११ मे, रविवार, सकाळ

कवळी माझ्याजवळ. तो चावू शकत नाही. मी चावू शकते. दाराच्या फटीतून त्याचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. माझा दादा. मला सायकल शिकवणारा दादा.

पक्कड आहे इथे. कामाचीच.

दुपार

पुढचे दोन निघाले. फटीसकट. दुखत नाही, हेच भयंकर आहे. बाकीचे —

संपले. ट्रेमध्ये मांडलेत, सवयीने, क्रमाने. वही लाल झाली. बोटं घसरतात. पण आता चावणार नाही. कोणी कोणाला चावणार नाही. दोघंही उरू. काका चुकले, असं होऊ शकतं, दोघंही —

दार वाजतंय. ठमे म्हणतोय. बोबडं, दातांशिवाय. म्हणतो फावडं रस्त्यापलीकडच्या विहिरीत टाकलं, सुऱ्या टाकल्या, घरात काही ठेवलं नाही. म्हणतो मी तुला काही करणार नाही गं.

दाराशेजारच्या खिडकीतून दिसतोय. रडतोय. हात वर केलेत, चोर-पोलीस खेळताना करायचा तसे. रिकामे. खरंच रिकामे. जिंकलो आम्ही, दादा, थांब, आले —

कडी काढली. आत येतोय. मला जवळ घ्यायला हात पसरलेत. मान उघडी.

माझ्या हातात पक्कड अजू—